वाटा

बाप म्हणायचा, इथे नाही.
मचाणाखाली तर मुळीच नाही.
नर पडला की शिंगांना दोर बांधायचा
आणि ओढत न्यायचा ओढ्यापलीकडे, आल्डरच्या झुडपांत.
तिथे उताणा करायचा, तिथेच सुरी.
रक्ताचा वास एकदा जागेला बसला
की तीन वर्षं एक हरीण फिरकत नाही,
हे त्याला त्याच्या बापानं सांगितलेलं.
बापाला कुणी, देव जाणे.

आठव्या वर्षापासून दोराचं दुसरं टोक माझ्याकडे.
बुटांत बर्फाचं पाणी,
पुढे आर्मास केस्किटालो, माझा बाप,
दिवसाला चार शब्द, त्यातले दोन कुत्र्याशी,
आणि मागे बर्फात लांबच लांब फरफट.

यंदा मी एकटी.
त्याचे गुडघे आता हँकॉकच्या वृद्धाश्रमात
खिडकीशी बसून असतात,
बाकीचा तो त्यांच्यासोबत.

हंगामाचा दुसरा दिवस. सकाळचे साडेसात.
सुपीरियरवरून येणारा वारा पडलेला.
आठ टोकांचा नर, मचाणापासून वीस पावलं,
बसल्यासारखा पडला.
दोर बांधला. ओढला.
दोन हात सरकला
आणि माझ्या कमरेत काहीतरी कट्कन वाजलं.
मग म्हटलं, इथेच.

छातीच्या हाडाखाली टोक,
दोन बोटं आत, त्यांच्या बेचक्यात पातं, धार वर,
म्हणजे जठराला धक्का लागत नाही.
कोथळा आपणहून घसरला, वाफाळत,
जणू अजून कामावरच आहे.
जठर राखाडी, ओल्या पोत्याएवढं,
त्यात सीडरचा पाला
आणि हिल्टुनेनच्या बागेतली सफरचंदं, न विचारता खाल्लेली.
श्वासनळी कापायला हात कोपराच्याही वर आत गेला.
नोव्हेंबरात एवढी ऊब कुठे मिळत नाही.
लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

यकृत आणि हृदय पिशवीत.
गोळीनं फाटलेलं फुफ्फुस वेगळं काढून
पुरलं, वर धोंडा ठेवला.
शिशाचे कण गिळलेला गरुड मी पाहिलाय एकदा,
रस्त्याकडेला, दारुड्यासारखा मान टाकून.
बाकीचं तिथेच.

दुपारीच चिकडी आल्या, मुठीएवढ्या,
चरबी टोचून टोचून नेत राहिल्या.
मग डोमकावळे, आधी पाच, नंतर अकरा,
आणि भावकीत जमिनीवरून होतो तसला कालवा.
रात्री कायोटी. फक्त ठसे,
आणि आतड्याची एक दोरी बर्चपर्यंत ओढत नेलेली.
त्यांनाही पलीकडेच न्यावंसं वाटलं असेल.
तिसऱ्या दिवशी उरला तो जठरातला चोथा,
हिरवट, गोठलेला, बशीएवढा.

चौथ्या दिवशी मादी आली.
मागे दोन पाडसं.
थांबली. कान उभे. नाक पुढे.
माझ्या बापाच्या बापाचा शब्द
त्या ओल्या नाकाच्या टोकावर
थरथरत होता, मी श्वास धरलेला.
तिनं चोथा हुंगला,
वरून पाय टाकला
आणि पलीकडचा सीडरचा शेंडा तोडून खाऊ लागली.
एक पाडस तिथेच मुतलं.

रविवारी सांगितलं त्याला. सगळं. कमरेचं सोडून.
तो खिडकीबाहेर पार्किंगकडे बघत होता.
म्हणाला, ठाऊक होतं.
ओढ्यापलीकडे आपण इतकी वर्षं साफ केली,
सगळ्यात मोठे ठसे तिथेच तर असायचे.

मग ओढत का न्यायचो?

नर्स वाटाण्याचं सूप घेऊन आली,
त्याच्या गळ्याखाली रुमाल खोचला, गेली.
त्यानं चमचा उचलला, परत ठेवला.
ओढायला दोघं लागायची, आइली, तो म्हणाला,
आणि सूप गार होईपर्यंत
दुसरं काही बोलला नाही.