सामानाचा माळा

साखर पेठेत, मल्लेशम गाजूलच्या घरी
टेप दातात धरून मी शिडी चढलो.
वर बॉबिनची दोन पोती, एक मोडका धोटा,
लग्नातली पितळी घागर,
आणि पत्र्याच्या उतरणीखाली
बारावीची पुस्तकं,
विटेवर उभा केलेला टेबल फॅन.

मधोमध सात फूट दोन इंच.
भिंतीकडे सरकलं की चार,
तिथं मान आपोआप वाकते
साहेबाच्या टेबलापुढं वाकते तशी.

नियम मला झोपेतही येतो :
राहत्या खोलीची उंची पावणेतीन मीटर.
"आमच्यात कुणीच एवढं उंच नाही की ओ सर,"
खालून नरसम्मा म्हणाल्या.
सुपातली विडी वळायची थांबली नाही.

मल्लेशमनं विचारलं, पत्रा वर उचलला तर?
उचलता येतो.
विटांचे पाच थर, लोखंडी कैच्या, जिना,
शुल्काचं चलन, शेजाऱ्याची ना-हरकत.
शेजाऱ्याशी मोरीच्या पाण्यावरून
सहा वर्षं बोलणं नाही.
मल्लेशमनं हिशेब ऐकला
आणि चहा सांगितला.

मग मी नेहमीचं केलं.
चौकोन काढला, आत तिरक्या रेघा मारल्या,
मधे सुबक अक्षरात लिहिलं : सामान.
तीस वर्षांत माझ्या पेन्सिलीनं
या पूर्व भागात किती माणसं सामान केली.
नवं जोडपं. दम्याचा म्हातारा.
रात्रपाळीहून येऊन दिवसा झोपणारे
तीन भाऊ, एकाच चटईवर.
कागद बिनबोभाट मंजूर होतात,
सामान तक्रार करत नाही.

स्रवंती माझ्या खांद्यावरून वाचत होती.
"काय लिहालाव सर?
मी सामान?"

हसून म्हणाली ती. खरंच हसून.
मी खोडरबर शोधायला लागलो,
ते खिशातच होतं.

तिरक्या रेघा पुसल्या तरी कागदावर वळ राहतात.
त्यावरच लिहिलं : अभ्यासाची खोली, प्रस्तावित.
उंची आहे ती. खिडकी नाही, तीही नाही म्हणून.
मल्लेशम म्हणाला, अडकंल की.
म्हटलं, अडकू दे, बे.

अडकलीच. महिन्यानं त्रुटीचं पत्र :
पोटमाळा की खोली? खुलासा करावा.
खुलासा करायला शब्द बरेच होते माझ्याकडं,
अर्जाला दोन ओळींची जागा.

मेच्या मध्यावर पाहणीला आले
कनिष्ठ अभियंता, नवीन पोरगा, घामानं निथळत.
दुपारचे अडीच. पेठेतले माग चालू,
त्यांच्या धडधडीनं माळ्याची फळी
पायाखाली बारीक थरथरत होती.
त्याचा टेप गाडीत राहिला होता.
खाली जाऊन परत चढायचं त्याच्या जिवावर आलं.
म्हणाला, "ताई, जरा हात वर करा.
लागतोय का पत्रा?"

स्रवंतीनं टाचा उचलल्या, हात वर नेला,
बोटं टेकली
आणि झटकन छातीशी आली.

"किती?" त्यानं पेन उघडत विचारलं.

"भाजलं," ती म्हणाली.

तो थोडा वेळ पत्र्याकडं बघत राहिला.
मग शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं,
उंचीच्या नाही.
अक्षर लहान होतं,
आणि माझा चष्मा घामानं धुरकटलेला.