वायपर

सात रस्त्याला वळताना
सिग्नलऐवजी वायपर लागला.
भर मे महिना, कोरडी काच, खर्र खर्र.
अंबादास हसला, "काय बे,
वर्षभरात हातबी उलटे करून आलास?"

काय सांगू.
तिकडंही पहिल्या आठवड्यात
लख्ख उन्हात काच पुसत
मी गोल चौकात उलटा शिरलो होतो.
नॉर्वेच्या एका घाटात तर
पेट्रोलच्या गाडीत डिझेल.
रात्र काढली
आईनं बळंच कोंबलेल्या चादरीत,
शेंगाचटणी बोटानं चाटत.

पहाटे टोचनवाला आला.
चादरीवरचा मोर बघून
काहीतरी विचारलं त्यानं.
मी हो म्हटलं.
कशाला, ते अजून कळलं नाही.

मागं रिक्षा बोंबलतीय.
"डावीकडं ना?" अंबादास विचारतो.
हो म्हणतो.
वायपर चालूच.