ओटा क्रमांक एकवीस

अप्परला, डेपोच्या मागं, महापालिकेनं बांधलेले ओटे.
सकाळी तिथं भाजी असते.
संध्याकाळी मेथीच्या काड्या लोटून, पाणी मारून
त्याच जागी दाबेली, मोमो, अंडाभुर्जी,
आणि एकवीस नंबरला, नळाच्या बाजूला
‘येमुल नुडल्स’.
‘नु’ ऱ्हस्व. ‘स’ला पाटीवर जागा पुरली नाही,
तो खालच्या ओळीत एकटाच.

चार वर्षं मी त्याच्यासमोरून गेले
साड्यांचं गाठोडं काखेत मारून.
माझं फॉल-पिकोचं दुकान पलीकडच्या गल्लीत,
दुकान म्हणजे जिन्याखालची जागा.
बाहेरचं खायचं नाही असं काही व्रत नव्हतं,
पण एकट्या बाईनं रस्त्यात उभं राहून
काय खायचं ते
पाणीपुरीपर्यंतच ठरलेलं होतं.

त्या दिवशी सुई मोडली, लाईट गेली,
आणि इंगुळकरांच्या सुनेनं साडी परत आणली:
फॉल चॉकलेटी हवा होता, तुम्ही मरून लावलात.
दिवसाउजेडी तिनंच निवडलेला.
मला भूक लागली होती की राग आला होता
ते अजून नीट सांगता येत नाही.
‘हाफ द्या,’ म्हटलं.
‘तिखट?’
‘तुम्ही घालता तेवढं.’

त्यानं उकळत्या डेगीतून चिमट्यानं उचलल्या,
आडव्या हातावर घेतल्या, झटकल्या,
एक पीळ दिला, सोडला.
लडी.
हे खायच्या वस्तूला कुणी करत नाही.
‘सोलापूर?’ मी विचारलं.
कढईतला आवाज थोडा थांबला.
‘पूर्व भाग. कसं वळखलं?’
‘हातावरनं.’

एकोणीस वर्षं मागावर. चादरी, मग टॉवेल, मग नुसतेच नॅपकिन.
मालकानं माग किलोवर विकले,
ट्रकमध्ये चढवायला कामगारच लावले, हजेरी देऊन.
हे सगळं तो कोबी चिरता चिरता,
भाव सांगावा तसं सांगत होता.
‘आणि हे कुठं शिकलात?’
‘मेव्हणा कात्रजला चायनीजवर होता.
तो म्हणला, दोऱ्यासारखंच हाय,
फक्त उकडायचं.’

प्लेटला प्लास्टिकची पिशवी चढवलेली,
काट्याचा एक दात वाकडा.
वरून त्यानं काळपट शेंगाचटणी भुरभुरली,
न विचारता.
फार छान होतं असं मी म्हणणार नाही.
लसूण जरा करपला होता, मीठ जास्त,
व्हिनेगरनं घसा धरला.
पण सूत एका नंबरचं.
कुठं गाठ नाही, कुठं जाडबारीक नाही.
एकीचं टोकच सापडेना.
दिवसभर मी टोकंच कापत असते,
तर ही निघतेच आहे, निघतेच आहे,
हनुवटीपर्यंत, आणि समोर दाबेलीवाल्याची पोरगी
टक लावून बघतेय.
मी दातानं तोडली.

‘मीठ जास्त झालंय,’ पैसे देताना सांगितलं.
आपण पुण्यात राहतो, न सांगून कसं चालेल.
‘उद्या कमी टाकतो,’ तो म्हणाला.
उद्याचं त्यानंच ठरवून टाकलं.
आणि सुटे पैसे देताना
माझ्या बाहीवरचा मरून दोरा
दोन बोटांनी, कापडाला न लागता उचलला,
उजेडात धरला,
‘साठ नंबर,’ एवढंच म्हणाला, आणि दोरा
गॅसच्या नळीला गुंडाळून ठेवला.
फेकला नाही.

लाईट आली होती.
नवी सुई लावली, दोरा ओला करायला ओठांत धरला
तर व्हिनेगर.
तिसऱ्यांदा ओवला गेला.
साडी मांडीवर घेतली, दिव्याखाली उलटसुलट पाहिली.
मरून नव्हेच, चॉकलेटीच म्हणतील कुणी, असा रंग;
पण तिनंच निवडलेला, हे मी शंभरदा सांगेन.
मग ब्लेड घेतलं
आणि एका टोकापासून
उसवायला बसले.