सहाव्या मजल्यावरचे सात सेकंद

त्सिआला रचते, मी नकलून देतो.
ओबोचे कागद ओबोला, चेलोचे चेलोला.
अख्खी रचना कुणा एकाच्या हाती जात नाही;
वाजवणाऱ्याला फक्त त्याचा वाटा
आणि कुठे किती गप्प बसायचं, तो आकडा.

या सिनेमात एक बाई आहे.
अकरा वर्षं इटलीत
परक्यांच्या म्हातारीला न्हाऊमाखू घालून
तिबिलिसीला परतते,
थेट साबुर्तालोतल्या आपल्या इमारतीखाली,
जिथल्या लिफ्टला वर जायला नाणं लागतं
आणि हिच्या पर्समध्ये सगळी युरोची.
लिफ्ट ती गिळत नाही.
बाई बॅग उचलते. नऊ मजले.
दोन मिनिटं अकरा सेकंद.

रेवाझ म्हणाला, इथे संगीत पाहिजे,
पण रडकं नको. धाप तिला लागू दे,
वाद्यांना नको.
एवढं बोलून माझी उरलेली सिगरेट ओढून गेला.

त्सिआलाने अठरा दिवस लावले.
आधी सगळी व्हायोलिनं जिन्यावर चढवली.
"ही तर बाईच्या आधीच वर पोचली,"
म्हणत फाडून टाकलं.
मग नुसता चेलो, पायरीमागे पायरी.
तो बॅगेसारखा वाजायला लागला. तो ठेवला.

एकदा पहाटे पाचला फोन:
"खालचा पाववाला भट्टीच्या भिंतीवर
कणीक थापतोय, ऐकू येतंय?
दोन थापांमधलं अंतर मोज."
मी अर्धवट झोपेत मोजलं, चुकलोही असेन.
तीच लय आता सिनेमात आहे.

सहाव्या मजल्यावर बाई थांबते.
कुणाच्या तरी दाराबाहेर लोणच्याच्या बरण्या,
एक लहान मुलाची सायकल.
तिथे चेलोही थांबतो, आणि ओबो
दोन रकाने, सात सेकंद,
काहीतरी म्हणतो, म्हणजे विचारतोच,
शेवटचा स्वर खाली न टेकवता.
नकलताना हात थांबला.
माझी बहीण नेपल्सला असते, पण ते सोडा.
शाई वाळेपर्यंत मी उठलो नाही.

ध्वनिमुद्रणाला जेमालने ते
एका श्वासात वाजवलं, तिसऱ्या खेपेला.
काचेपल्याड कुणी बोललं नाही.
जेमालने ओबोतली थुंकी झटकली,
म्हणाला, चहा आहे का?

मग संकलकाची कात्री.
सिनेमा लांबतोय म्हणे;
बाई पाचव्यावरून थेट सातव्यावर.
त्सिआला भांडली नाही. पेन्सिल घेतली,
दोन रकान्यांवर एक तिरपी रेघ.
"इकडचं तिकडे सांधून घे," म्हणाली,
"सांधा दिसता कामा नये."
दिसत नाही.
त्याचेच तर पैसे घेतो मी.

पहिल्या खेळाला लोक रुमाल शोधत होते.
बाहेर एक गृहस्थ त्सिआलाला म्हणाले,
जिन्यावर संगीत होतं का? लक्षातच आलं नाही.
ती खूश झाली. खरंच झाली.
मी मात्र पाचव्या मजल्यानंतर
अंधारात एक पायरी कमी निघावी तसा
खुर्चीतल्या खुर्चीत अडखळलो होतो.
दोन रांगा पुढे जेमाल.
त्याची बोटं गुडघ्यावर हलत होती,
बाई केव्हाच पुढे गेली होती तरी.
त्याच्या बायकोने ती दाबून धरली.

काल त्सिआलाचा फोन: नवा सिनेमा.
विनोदी आहे, म्हणाली, त्यात कुत्रा आहे.
जिना नाही.
मी म्हटलं, पाठव.

कागद शोधताना ते रेघ मारलेलं पान हाती आलं.
मागची बाजू कोरी होती.
कुत्र्याच्या ओळी तिथेच आखून घेतल्या.