मालमत्ता क्रमांक ४१७

जूनमध्ये शाळा सुटते
आणि माझ्या मुलाचा आवाज कपाटात जातो.
कपाट लोखंडी, राखाडी,
किल्ली मिसेस सीअरच्या गळ्यात.
आवाजाच्या पाठीवर चिकटपट्टी:
जिल्ह्याची मालमत्ता, क्रमांक ४१७.
चित्रावर बोट ठेवलं की तो म्हणतो, पाणी.
म्हणतो, पुरे.
एकदा म्हणाला, आई ट्रक आई ट्रक,
आणि खिडकीबाहेर खरंच ट्रक होता.

ओडिलॉन हे नाव माझ्या बापाचं.
बापाला याच शाळेत, याच नदीकाठी,
फळ्यावर शंभरदा लिहायला लावलं होतं:
मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही.
तोही कायदाच होता, बरं का.
नीट छापलेला, सही असलेला.
पुढे तो कमीच बोलला,
दोन्ही भाषांत.

मी कागदाच्या गिरणीत रात्रपाळी करते.
कोऱ्या कागदाचं रीळ किती जड असतं
ते माझ्या खांद्याला विचारा.
छापलेला कागद त्याहून जड असेल
असं मला वाटायचं.

ओडिलॉनचा आराखडा बत्तीस पानांचा.
सात खुर्च्या, आणि टिश्यूचा खोका
दरवेळी माझ्याच बाजूला सरकवलेला.
वाचा-उपचार: आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं.
उपचार करणारी पोरगी तीन शाळा सांभाळते,
बर्फात गाडी हाकत येते,
वीसातली सहा मिनिटं
तिच्या बुटांतून वितळून जातात.
तिची चूक नाही.
चूक कुणाची, त्यासाठी आराखड्यात रकाना नाही.

वॉशिंग्टनने माझ्या जन्माआधी शब्द दिला होता:
अशा मुलांच्या जादा खर्चातले
शंभरातले चाळीस आम्ही देऊ.
येतात ते पंधराही नाहीत.
तोंडाला पानं पुसायची,
आणि तोंड कुणाचं, तर जे बोलतच नाही त्याचं.
उरलेलं थोडं राज्य भरतं,
थोडं आमची घरपट्टी.

म्हणून मे महिन्यात, शाळेच्या जिममध्ये,
बास्केटबॉलच्या रेघांवर खुर्च्या मांडून
गाव अंदाजपत्रकावर हात वर करतं.
नॉर्बर्ट डेगल उठला.
हिवाळाभर माझ्या दारातला बर्फ
न सांगता काढणारा नॉर्बर्ट.
म्हणाला, छत गळतंय, बस जुनी झालीय,
आणि एका पोरामागे एवढे?
नाव घेतलं नाही त्याने.
घ्यायची गरज नव्हती.
त्याच्या बायकोने दिलेली पायची थाळी
माझ्याकडे धुऊन ठेवलीय.
अजून नेऊन दिलेली नाही.

मग मी कायदा वाचायला घेतला.
पहाटे तीनच्या सुट्टीत, डब्यासोबत,
एकेक कलम, जसं हाडातून मांस काढावं.
अन् सापडलं एक वाक्य:
शाळेने घेतलेलं साधन मुलाला घरी लागतं
असं समितीने ठरवलं,
तर ते घरी द्यावं लागेल.

सभेत मी त्या वाक्यावर बोट ठेवलं.
अगदी ओडिलॉन ठेवतो तसं.
आणि जाणवलं, हेही तसलंच यंत्र आहे,
दाबल्याशिवाय बोलत नाही.
संचालक म्हणाले, मिसेस उलेट,
वाक्यात 'ठरवलं तर' असं आहे.
मी म्हटलं, मग ठरवा.
कुणीतरी खुर्ची सरकवली.
बाहेर गवत कापायचं यंत्र एकदम बंद पडलं.
मिसेस सीअरने
गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली,
कुणी न सांगता.

घरी आणला त्याला, उशीच्या खोळीत गुंडाळून.
स्वयंपाकघरात ओडिलॉन सुरू झाला:
पाणी. ट्रक. पुरे. पुरे. आई. पुरे. ट्रक.
तासभर.
मग माझ्या ध्यानात आलं,
चार्जर कपाटातच राहिला.
त्याचा क्रमांक वेगळा,
यादीत तो नव्हताच.
सोमवारपर्यंत शाळा बंद.
पडद्याच्या कोपऱ्यात आकडा: अठरा टक्के.

वॉशिंग्टनपेक्षा जास्तच.
बोल, म्हटलं, बोलून घे.