नजरेखाली दोन बोटं

आमच्याकडे लोक पाट्या करायला येतात.
डॉ. अमुक, वेळ सहा ते नऊ.
पाहुण्यांनी गाड्या गेटाबाहेर लावाव्यात.
आणि डिसेंबरात शाळांच्या ढाली,
नावं उशिरा येतात, घाई आधी येते.

नादिर घडियाली आले ते पुठ्ठा घेऊन.
लग्नपत्रिकेचा, मागून कोरा,
कात्रीने कापलेला, अर्ध्या पापडाएवढा.
एवढीच काच पाहिजे. गाडीला.
मी म्हटलं, काका, एवढीशी कुणाला पुरणार?
मला, म्हणाले. मोतीबिंदू काढला नी,
डॉक्टर बोलतो डोळ्यात वारा नको.
गाडी बंद कर असं तो बोलला नाही,
मी विचारलं पण नाही.

भायखळ्याच्या गॅरेजात जाऊन पाहिली.
हिरवी ऑस्टिन, तेहेतीस सालची,
नाकाडावर रंग उडालेला, छप्पर नाही,
दार माझ्या मांडीपर्यंत.
मी त्यांना आत बसवलं. नेहमी बसता तसे बसा.
ते ताठ बसले, पासपोर्टच्या फोटोला बसतात तसे.
मी टेप हातात धरून उभी.
गॅरेजवाल्याने चहा सांगितला, चहा आला,
गप्पा निघाल्या त्यांच्या धाकट्या भावाच्या, टायरच्या भावाच्या,
आणि हळूहळू पाठ खाली आली, तीन इंच.
तेव्हा माप घेतलं.

काचेतून नाही बघायचं, ते म्हणाले.
काचेवरून.
नजरेखाली दोन बोटं ठेव,
वारा तिच्यावर चढतो आणि डोक्यावरून निघून जातो.

वीस वर्षं मी ॲक्रिलिक कापते.
सगळं वाचायसाठी.
जिच्याकडे कुणी बघूच नये
अशी पहिलीच.

पाच मिलिमीटरचा पत्रा, कागद न काढता कापला.
भट्टी आमची एका बंद पडलेल्या बेकरीतली,
अजून कधीकधी खारीचा वास येतो.
यासीनने हातमोजे चढवले.
तापलेली काच ओल्या चामड्यासारखी लोंबते,
साच्यावर टाकायला फार तर वीस सेकंद,
मग ती स्वतःचं ठरवते.
पहिलीवर साच्याच्या फडक्याची वीण उमटली.
दुसरी छान वळली, कडा घासल्या,
ब्रासोने चमकवली, यासीन शीळ घालायला लागला,
आणि तिसऱ्या भोकाला ड्रिल जरा जोरात गेलं.
टिक.
एवढाच आवाज. भेग पार कडेपर्यंत.
यासीन शीळ विसरला. मी दुकानाचं अर्धं शटर ओढलं.

तिसरी मी एकटीने केली, बुधवारी,
भोकांवर साबणाचं पाणी सोडत,
पितळी पट्ट्यांत रबर घालून.
कोपऱ्यात दुकानाचं नाव आणि फोन कोरायची सवय आहे.
सुई टेकवली. उचलली.

रविवारी पहाटे साडेपाचला
ते मला डाव्या सीटवर बसवून निघाले.
माझगावातून डॉकयार्ड रोड, मग भाऊच्या धक्क्याकडे.
माझ्या बाजूला काच नाही.
सगळा वारा माझ्या तोंडावर,
त्यात सुकटीचा वास, डिझेलचा, भरतीच्या चिखलाचा,
डोळ्यांतून पाणी, ओढणी तोंडात.
ते काहीतरी सांगत होते. ऐकू आलं नाही.
वळून बघितलं तर त्यांचा चष्मा कोरडा,
कपाळावरचे चार केस जागच्या जागी,
आणि ते समोर बघत होते,
काचेवरून, दोन बोटं.

धक्क्यावर थांबलो तेव्हा तिच्यावर
एक चिलट चिकटलं होतं.
त्यांनी रुमाल काढला, पुन्हा खिशात ठेवला.
लागली कामाला, म्हणाले.

भेगेची काच मी टाकली नाही.
दुकानात फळीवर उभी आहे, ढालींच्या रांगेत.
परवा एक शिपाई शाळेची यादी घेऊन आला,
तिच्याकडे बोट केलं,
ही कुठल्या स्पर्धेची? कोणाची?
नाव यायचंय अजून, मी म्हटलं.