चोवीस तासांची वही

पुनाताच्या दवाखान्यात यंत्र एकच.
छातीला लावून घरी जायचं, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचं,
सोबत वही: किती वाजता काय केलं, काय वाटलं.
तेओदोसियो क्लारोस यांना लिहिता येत नाही.
वही नातीनं भरली, एलिदानं,
शाळेच्या अक्षरात, हिरव्या शाईनं.

सकाळी सात दहा: मक्याची पेज, पाव.
पट्टीवर ठोका, ठोका, मग एक आगाऊ ठोका,
आगाऊ दोन्ही अर्थांनी,
आणि त्याच्यामागे रिकामी जागा.

साडेअकरा: पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याशी भांडण. खूप राग.
पट्टी शहाण्यासारखी. एकही चूक नाही.

दुपारी तीन: काही नाही. बसले होते.
त्या ‘काही नाही’त सलग नऊ ठोके सैरावैरा,
गोठ्याचं दार उघडं राहिल्यासारखे.

रात्री तीन वाजून चार मिनिटं:
सरळ रेषा. तीन सेकंद आणि वर थोडं.
तेवढ्यात ‘तेओदोसियो क्लारोस’ मला दोनदा म्हणता येतं,
म्हणून पाहिलं.
वहीत त्या वेळेसमोर: झोपले होते. मीपण.

ठोका चुकला, म्हणतो आपण,
घाबरलो की म्हणतो, कुणी आवडलं की म्हणतो.
चूक कुणाची, हे विचारायचं राहून जातं.

डॉक्टरीणबाई विचारतात.
मीठ, दारू, वडील कशानं गेले, सगळं झाल्यावर:
लहानपणीचं घर कशाचं होतं?
म्हातारा पहिल्यांदाच हसतो.
मातीच्या विटांचं. चिखल मी तुडवला, नऊ वर्षांचा होतो.
वर गवत.
भिंतीला भेगा होत्या?
कुठल्या भिंतीला नसतात, बाई?

भेगांत विंचुका राहायच्या. विंचू नव्हेत, किडे,
अंगठ्याच्या नखाएवढे, दिवा विझला की छपरातून अंगावर.
चावलेलं कळायचंही नाही.
एका सकाळी डावा डोळा सुजून बंद.
आईनं शेकला, उतरला,
घरादारानं विसरूनही टाकला.

रक्तात जे शिरलं त्याला घाई नव्हती.
पन्नास वर्षं.
काळजात घर केलं, असंही म्हणतो आपण,
तेही मायेनं.
स्नायूत वण, वणापाशी वीज अडखळते,
वळसा घेते, कधी पोचतच नाही.

ते घर आहे अजून?
आहे की. पत्रा घातला, गिलावा मीच केला,
एक भेग ठेवली नाही.
म्हातारा छातीवर हात ठेवून सांगतो हे.

कोचाबांबाला पेसमेकरसाठी नाव घातलंय.
एलिदा विचारते, मी ‘काही नाही’ लिहिलं, ते चुकलं का?
नाही गं.
तुझी आई कुठं जन्मली?
त्याच घरात.

मी रबर काढते, नवी नळी काढते.
चिठ्ठीवर नाव ती स्वतःच लिहिते,
हिरव्या शाईनं, सावकाश,
वेलांटी देऊन.